छातीत दुखत असताना घड्याळाकडे पाहू नका

परंडा तालुक्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं पुण्यात नोकरीला आहेत. गावी आई-वडील एकटे, म्हणून ती दिवाळीला स्मार्टवॉच पाठवतात. त्यामागची काळजी खरी असते. पण घड्याळ मनगटावर चढलं की काही दिवसांतच प्रश्न सुरू होतात, आणि ते फिरून फिरून तेच असतात. घड्याळात ईसीजी निघतो, मग दवाखान्यात काढायची गरज आहे का? छातीत जळजळतंय, पण घड्याळ सगळं ठीक म्हणतंय, तर सकाळपर्यंत थांबू का? घड्याळानं ठोके अनियमित आहेत असं सांगितलं, आता रक्त पातळ करायची गोळी चालू करू का? ईसीजीच्या कागदाचा फोटो मोबाइलमधल्या एआयला दाखवला, त्यानं घाबरू नका म्हटलं, ते खरं धरू का?

यातला दुसरा प्रश्न जिवावर बेतणारा आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी. थांबू नका. घड्याळ ठोक्यांची लय पाहतं, हृदयविकाराचा झटका पाहत नाही. झटका ओळखायला बारा लीडचा, म्हणजे हृदय बारा बाजूंनी पाहणारा ईसीजी लागतो आणि तो दवाखान्यात निघतो.

घड्याळ नेमकं काय पाहतं

घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो. कातडीखालच्या रक्ताची भरती-ओहोटी तो टिपतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. पट्टा सैल असेल, हात गार पडलेला असेल, घामानं निथळत असेल किंवा खुरपताना हात सारखा हलत असेल, तर आकडा चुकतो. आपल्याकडच्या वयस्कर बायकांच्या मनगटावर गोंदण असतं. त्या शाईमुळे दिव्याला नीट दिसत नाही आणि नाडी भलतीच दाखवली जाते. बांगड्यांमुळे घड्याळ वर सरकतं, तेव्हाही हेच होतं. अशा वेळी घड्याळ दुसऱ्या हातात, गोंदण नसलेल्या जागी, मनगटाच्या हाडाच्या जरा वर घट्ट बांधून पाहा.

महागड्या घड्याळात याशिवाय ईसीजीची सोय असते. दुसऱ्या हाताचं बोट बटणावर तीस सेकंद ठेवायचं आणि एक रेघ उमटते. ही एकच लीड. परंड्याच्या किल्ल्याच्या एका बुरुजावर उभं राहून पलीकडचा तट कुठे ढासळलाय ते कळत नाही, तसंच हे. हृदयाच्या कोणत्या भागाचा रक्तपुरवठा तुटलाय हे बारा बाजूंनी पाहिल्यावरच दिसतं. ॲपल कंपनी स्वतःच सांगते की तिच्या घड्याळातला ईसीजी हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. जाहिरात पाहताना हे वाक्य कुणाच्या नजरेला पडत नाही.

कोणत्या आकड्यावर किती विसंबायचं, ते असं:

- शांत बसल्यावरची नाडी: बऱ्यापैकी भरवशाची.
- ठोके अनियमित असल्याचा इशारा: उपयोगाचा, पण दवाखान्यात खात्री करूनच पुढचं ठरवायचं.
- ऑक्सिजन: स्वस्त घड्याळातल्या आकड्यावरून कुणाला दाखल करू नका आणि कुणाला घरीही ठेवू नका. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर वापरा. सावळ्या कातडीवर तेही कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून दम लागत असेल तर आकडा चांगला असला तरी डॉक्टरकडे जा.
- रक्तदाब: दोन-तीन हजारांच्या घड्याळातला रक्तदाब मानू नका. सॅमसंगच्या घड्याळात ही सोय आहे, पण तेही दर २८ दिवसांनी दंडाच्या यंत्राशी जुळवून घ्यावं लागतं.
- साखर: सुई न टोचता साखर सांगणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. त्या आकड्यावर इन्सुलिन घेणं थेट धोक्याचं आहे.
- ताण, झोप, 'हृदयाचे गुण': यावरून औषधाबद्दल कोणताही निर्णय घेऊ नका.

छातीत दुखू लागलं तर

छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखं वाटणं, कळ हातात, जबड्यात, पाठीत किंवा वरच्या पोटात जाणं, दरदरून घाम, धाप, मळमळ ही नेहमीची लक्षणं. बायकांमध्ये, साखरेच्या रुग्णांत आणि म्हाताऱ्या माणसांत ती अशी ठळक नसतात. नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं, किंवा जळजळ होते. इथेच घात होतो. 'पित्त झालंय', 'गॅस धरलाय' म्हणून ओवा चावला जातो, सोडा-लिंबू घेतलं जातं, आणि रात्र निघून जाते. हृदयाचा स्नायू तेवढ्या वेळात मरत असतो आणि मेलेला स्नायू नंतर कोणत्याही शस्त्रक्रियेनं परत येत नाही. दहा-पंधरा मिनिटांत न थांबणारी अशी तक्रार, विशेषतः घाम फुटलेला असेल तर, झटकाच आहे असं धरून चाला. पित्त निघालं तर उत्तमच.

मग या क्रमानं करा:

1. माणसाला टेकवून बसवा. चालू देऊ नका, जिना चढू देऊ नका. दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून नेण्याची पद्धत गावोगावी आहे, ती टाळा. वाटेत शुद्ध हरपली तर त्याला सावरताही येत नाही.
2. १०८ ला फोन लावा. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे, फुकट आहे, आणि गाडीत डॉक्टर असतो. 'छातीत दुखतंय, घाम आलाय' हे पहिल्या वाक्यात सांगा, मग वय, गाव, वस्तीची खूण. शेतातल्या वस्तीवर असाल तर एक माणूस फाट्यावर उभा करा. गाडीला वेळ लागणार असेल आणि तुमच्याकडे चारचाकी असेल, तर तसं सांगून निघा, पण रुग्णाला गाडी चालवू देऊ नका.
3. ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खाल्ल्यानं फायदा होतो. मात्र ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटातून रक्त गेल्याचा इतिहास, किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध चालू असेल तर देऊ नका. १०८ च्या डॉक्टरला विचारून दिलेली बरी.
4. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी स्वतःच्या मनानं देऊ नका. व्हॉट्सॲपवर तिचं फार कौतुक फिरतं. रक्तदाब आधीच उतरलेला असेल, किंवा माणसानं लैंगिक शक्तीची गोळी घेतलेली असेल, तर या गोळीनं रक्तदाब कोसळतो.
5. पहिला मुक्काम म्हणजे ईसीजी निघणारी सगळ्यात जवळची जागा. सोलापूर नव्हे, पुणे तर नव्हेच.
6. माणूस कोसळला, हाक मारल्यावर प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.

पाचव्या मुद्द्यावर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त माणसं त्यावर अडतात. 'मोठ्याच दवाखान्यात नेऊ' असं ठरवून घरचे लोक परंड्यातून थेट सोलापूरची वाट धरतात. परंड्याहून बार्शी साधारण तीस किलोमीटर, सोलापूर शंभराच्या आसपास. म्हणजे सोलापूरला रस्ता मोकळा असला तरी दोन तास, आणि त्या दोन तासांत ना ईसीजी, ना औषध.

हृदयाची मुख्य रक्तवाहिनी गुठळीनं पूर्ण बंद झाली असेल तर ती उघडायचे दोन मार्ग आहेत. एक, कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खास खोलीत नेऊन तातडीची अँजिओप्लास्टी. निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत ती होणार असेल तर हा मार्ग सगळ्यात चांगला. तेवढ्या वेळात होणार नसेल तर दुसरा मार्ग: गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात, शक्यतो पोहोचल्यापासून तीस मिनिटांत घ्यायचं आणि मग पुढे जायचं. पहिल्या तीन तासांत या इंजेक्शनचा गुण सर्वांत जास्त येतो. त्यानंतर ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी करतात. आपल्या भागातल्या अनेकांसाठी हाच मार्ग शहाणपणाचा ठरतो. 'नुसतं इंजेक्शन देऊन बोळवण केली' असं वाटून घेऊ नका, जगभर दूरच्या गावांत हेच करतात. मात्र रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना ते देता येत नाही, त्यामुळे अलीकडचं ऑपरेशन, मेंदूतला रक्तस्राव, चालू औषधं हे सगळं डॉक्टरला लगेच सांगा.

रुग्णालयात पोहोचल्यावर नम्रपणे, पण नक्की विचारा:

- ईसीजी दहा मिनिटांत निघेल का?
- रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याची खूण आहे का?
- इंजेक्शन इथे देता येईल का? नसेल तर जवळ कुठे?
- पुढच्या कॅथलॅबला फोन झाला का? तिथे आत्ता डॉक्टर आहेत का?

आणि एक गोष्ट. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून दुखत असलेल्या माणसाला घरी आणू नका. झटक्याच्या सुरुवातीला ईसीजी साफ दिसू शकतो. दुखणं चालू असेल तर पंधरा-तीस मिनिटांनी पुन्हा ईसीजी आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करायला सांगा.

एआय खरं कामी येतं ते इथे

मनगटावरच्या एआयची जाहिरात मोठी असते. जीव वाचवायची ताकद मात्र तालुक्याच्या रुग्णालयातल्या ईसीजी यंत्राला जोडलेल्या एआयमध्ये जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. लहान रुग्णालयात रात्री ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर एकटा असतो आणि हृदयरोगतज्ज्ञ शंभर किलोमीटरवर. कागदावरची रेघ झटक्याची आहे की नाही, हे त्याला काही मिनिटांत ठरवायचं असतं आणि चूक परवडत नाही, कारण चुकीच्या माणसाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर रक्तस्राव होऊ शकतो.

यावरचा उपाय गोव्यात २०१८ च्या अखेरीस सुरू झाला. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज मध्यभागी आणि आजूबाजूची सरकारी रुग्णालयं त्याला जोडलेली. लहान रुग्णालयात ईसीजी काढला की तो इंटरनेटवरून पुढे जातो, बेंगळुरूच्या ट्रायकॉग कंपनीची संगणकप्रणाली तो वाचते, तज्ज्ञ डॉक्टर तपासतात, आणि काही मिनिटांत उत्तर परत येतं. झटका असेल तर इंजेक्शन तिथेच दिलं जातं. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागानं २०२१ पासून काही जिल्ह्यांत अशाच धर्तीचा 'स्टेमी' (रक्तवाहिनी पूर्ण बंद होऊन येणारा झटका) प्रकल्प सुरू केला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानंही हातात मावणारं, मोबाइलवरून ईसीजी पाठवणारं यंत्र तयार केलेलं आहे. म्हणजे तंत्र आपल्याच देशात, आपल्याच राज्यात आहे.

तुमच्यासाठी यातला अर्थ एवढाच की परंड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात, किंवा तुम्ही नेहमी जाता त्या खासगी दवाखान्यात, 'इथला ईसीजी तज्ज्ञाकडे ऑनलाइन जातो का?' असं आधीच विचारून ठेवायचं. अशी व्यवस्था नसेल तर डॉक्टर ईसीजीचा फोटो ओळखीच्या हृदयरोगतज्ज्ञाला पाठवून सल्ला घेऊ शकतात. तसं सुचवण्यात संकोच वाटायचं कारण नाही.

घड्याळानं इशारा दिला तर

आता उलट बाजू. काही दुखत नाही, आणि घड्याळ म्हणतं ठोके अनियमित आहेत. बहुतेक वेळा ते एट्रियल फिब्रिलेशन या विकाराबद्दल बोलत असतं. यात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, आत गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर लकवा येतो. म्हणून इशारा डावलायचा नाही. पण इशारा म्हणजे निदान नव्हे. अमेरिकेत ४ लाख १९ हजारांवर लोकांच्या ॲपल घड्याळांचा अभ्यास झाला. अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना इशारा आला. त्यांपैकी ज्यांनी पुढे छातीवर पट्टी लावून तपासणी केली, त्यांच्यात साधारण तिघांत एकाला हा विकार सापडला. विकार ये-जा करणारा असल्यामुळे उरलेले सगळे निर्धोक होते असंही म्हणता येत नाही.

काय करायचं?

- इशाऱ्याबरोबर चक्कर, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं यांपैकी काहीही असेल तर १०८.
- तसं काही नसेल तर पाच मिनिटं शांत बसा, पट्टा घट्ट करा. मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ठोके सारख्या अंतरानं पडतात की कसेही, ते लक्षात घ्या.
- घड्याळात ईसीजी असेल तर त्याच वेळी काढा आणि जतन करा. डॉक्टरला तोंडी सांगण्यापेक्षा ती रेघ दाखवणं शंभरपट उपयोगी.
- दोन-चार दिवसांत डॉक्टरकडे जा. ते बारा लीडचा ईसीजी काढतील, गरज पडल्यास २४ तास ईसीजी नोंदवणारं होल्टर यंत्र लावतील.
- बसल्या जागी नाडी १२० च्या वर टिकून राहिली, किंवा ४० च्या खाली गेली, तर त्याच दिवशी दाखवा. मात्र आयुष्यभर अंगमेहनत केलेल्यांची किंवा मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल घेणाऱ्यांची नाडी पन्नाशीत असू शकते. त्रास नसेल तर तेवढ्यावरून गोळी बंद करू नका.
- रक्त पातळ करणारं औषध घड्याळाच्या भरवशावर सुरू करू नका, आणि घड्याळ शांत झालं म्हणून बंदही करू नका.

रात्री उठून उठून घड्याळ पाहणारी माणसं मला भेटतात. नाडी ९६ दिसली की भीती, भीतीनं ती ११० होते, मग झोप गेली. तुमचं असं होत असेल तर डॉक्टरला एकदा दाखवून घ्या आणि रात्री घड्याळ काढून ठेवा. त्यात काही बिघडत नाही.

घ्यायचंच असेल तर काय घ्यावं

घरात हृदयासाठी खर्च करायला थोडेच पैसे असतील, तर आधी दंडाला बांधायचं रक्तदाबाचं यंत्र घ्या. दीड-दोन हजारांत चांगलं मिळतं. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षं काही सांगत नाही आणि झटका, लकवा दोन्ही घडवतो. पाठ टेकून, पाय जमिनीला, पाच मिनिटं शांत बसून मोजा, चहा-तंबाखूनंतर लगेच नको. घरी मोजताना सतत १३५/८५ किंवा त्यावर येत असेल तर दाखवा. मोजायला यंत्र नसेल तरी हरकत नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखरेची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या उपकेंद्रात, फुकट होते आणि गोळ्याही तिथून मिळतात. आशाताईंना विचारा.

ईसीजी असलेलं घड्याळ कुणाला उपयोगी? ज्यांना मधूनच धडधड होते आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबते, ज्यांना पूर्वी एट्रियल फिब्रिलेशन होऊन गेलंय, किंवा ज्यांना लकवा येऊन गेलाय पण कारण सापडलेलं नाही. अशांनी डॉक्टरशी बोलून घ्यावं. त्यांच्यासाठी घड्याळाऐवजी खिशात मावणारं ईसीजी यंत्रही चालतं. डेहराडूनच्या कंपनीचं 'स्पंदन', परदेशी 'कार्डियामोबाइल' अशी यंत्रं मिळतात. झटक्याचा भोंगा म्हणून घ्यायचं असेल तर मात्र पैसे वाया घालवू नका.

घेण्याआधी पाहायच्या गोष्टी:

- फोन कोणता आहे? ॲपलचं घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही. सॅमसंगच्या घड्याळातला ईसीजी सॅमसंगच्याच फोनवर उघडतो. मुलगा तीस हजारांचं घड्याळ पाठवतो आणि वडिलांच्या हातात दुसऱ्याच कंपनीचा साधा फोन असतो. मग ईसीजी कधी निघतच नाही.
- वैद्यकीय उपकरण म्हणून नोंद आहे का? ईसीजी किंवा रक्तदाब मोजायचा दावा असेल तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची नोंदणी विचारा. बिल घ्या. 'फक्त तंदुरुस्तीसाठी, वैद्यकीय वापरासाठी नाही' असं खोक्यावर बारीक अक्षरात असेल, तर ते तसंच समजा.
- पेसमेकर आहे? लोहचुंबक असलेला फोन, घड्याळाचा चार्जर छातीपासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवा. शरीरातली चरबी मोजणारी सोय वापरू नका.
- पडल्यावर फोन लावणारी सोय एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला खरंच उपयोगी आहे. पण बहुतेक घड्याळांना जवळ फोन आणि रेंज लागते. सीना-कोळेगाव धरणाकडच्या एखाद्या वस्तीवर रेंज आहे का, ते आधी पाहा.
- संपर्काचा नंबर शेजाऱ्याचा टाका. पुण्यातला मुलगा दोनशे किलोमीटरवर आहे, शेजारचा माणूस दोन मिनिटांत येतो. मुलाचा नंबर दुसरा असू द्या.

मोबाइलमधल्या एआयला ईसीजी दाखवावा का?

निदानासाठी नाही. गप्पा मारणारे हे एआय ईसीजीचा फोटो पाहून ठाम भाषेत चुकीचं सांगू शकतात, आणि ठामपणामुळे ते खरं वाटतं. रिपोर्टमधला एखादा शब्द मराठीत समजून घ्यायला, किंवा डॉक्टरला विचारायच्या प्रश्नांची यादी करायला वापरा, हरकत नाही. दुखत असताना मात्र टाइप करत बसू नका.

कायद्याच्या बाजूनंही हे स्पष्ट आहे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार एआय डॉक्टरला मदत करू शकतं, पण रुग्णाला सल्ला देणं आणि औषध लिहून देणं हे काम नोंदणीकृत डॉक्टरचंच. एखादं ॲप स्वतःच गोळी सुचवत असेल तर ती घेऊ नका. घरबसल्या खऱ्या डॉक्टरशी बोलायचं असेल तर सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. अर्थात ती जुन्या दुखण्यासाठी, छातीतल्या ताज्या कळेसाठी नव्हे.

पैसे, कागद आणि तुमचे हक्क

घाईच्या वेळी घरातला कर्ता माणूस पैशाच्या विचारानं थबकतो, म्हणून हे आधीच माहीत असू द्या.

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू आहे, पांढऱ्या कार्डालाही. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण. अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही यात आहेत, पण योजनेत असलेल्या रुग्णालयातच. गेल्या गेल्या 'आरोग्यमित्र' कुठे बसतात ते विचारा. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून मंजुरी नंतर घेण्याची तरतूद आहे. हेल्पलाइन १५५३८८. शिधापत्रिका आणि आधार एका पिशवीत ठेवा.
- तातडीचे उपचार: पैसे किंवा कागद नाहीत म्हणून जीव वाचवण्याचे प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत. जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलेलं आहे.
- स्टेंटची (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवतात त्या जाळीची) किंमत: फेब्रुवारी २०१७ पासून सरकारनं कमाल किंमत ठरवून दिली आहे. बिलात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी लिहून मागा, आणि खोक्यावरचा स्टिकर फाइलला लावून घ्या.
- कागदपत्रं: मागणी केल्यापासून ७२ तासांत तुमची वैद्यकीय कागदपत्रं मिळण्याचा हक्क तुम्हाला आहे. अँजिओग्राफीची सीडीही मागा, नुसता अहवाल पुरत नाही.
- फसवी जाहिरात: 'झटका येण्याआधी सांगतो' असं म्हणून घड्याळ विकलं असेल तर बिलासह राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

घड्याळातली माहितीही तुमचीच आहे. नाडी, झोप, ठिकाण हे सगळं कंपनीकडे जमा होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं संमती मागे घेण्याचा, माहिती पुसायला सांगण्याचा हक्क दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. तोवर एवढं तरी करा: ॲप फोनमधल्या सगळ्या नंबरांची आणि फोटोंची परवानगी मागत असेल तर देऊ नका, आणि विम्याच्या किंवा सवलतीच्या आमिषानं कुणाला हृदयाची माहिती जोडून देऊ नका. घड्याळ दुसऱ्याला देण्याआधी आतली माहिती पुसा.

या आठवड्यात करायची कामं

घरात चाळिशी ओलांडलेलं, साखर किंवा रक्तदाब असलेलं, तंबाखू-विडी घेणारं कुणी असेल, तर बरं असतानाच त्यांचा बारा लीडचा ईसीजी काढून ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असू द्या. उद्या दुखलं तर नवा ईसीजी जुन्याशेजारी ठेवून डॉक्टरला फरक लगेच कळतो. चालू औषधांची नावं एका कागदावर लिहून शिधापत्रिकेच्या पिशवीत टाका.

आणि एकदा रुग्णालयात जाऊन विचारून या: रात्री दोन वाजता ईसीजी कोण काढतं? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साठ्यात आहे का? ईसीजी तज्ज्ञाकडे पाठवायची सोय आहे का? उत्तर 'नाही' आलं तर ग्रामसभेत बोला, रुग्ण कल्याण समितीकडे लेखी द्या, लोकप्रतिनिधींच्या कानावर घाला. गोव्यातल्या लहान रुग्णालयांत ही सोय २०१८ पासून आहे. परंड्याच्या माणसानं ती मागायला हवी.